फोटो साफ आहे, मग दुर्बीण कशाला?

*वाचकाचं पत्र*

डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले. माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. तीन आठवड्यांमागं मी बागेत छाटणीला गेले होते आणि तो आजीजवळ होता. संध्याकाळी घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘भडंग खाताना जरा ठसका लागला होता, आता बरा आहे.’ मी पण फार मनावर घेतलं नाही. त्या रात्रीपासून त्याला खोकला लागला तो गेलेलाच नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, तो साफ आला. औषध दोनदा बदललं, वाफ दिली. मधूनच ताप येतो, जातो. परवा सांगलीच्या बालरोगतज्ज्ञांकडं नेलं. ते म्हणाले, उजव्या बाजूला हवा कमी जातेय, मुलाच्या घशात काही अडकलं होतं का? मी ठसक्याचं सांगितलं. घरी येऊन सासूबाईंना नीट विचारलं, तर त्या रडायलाच लागल्या. त्याचे डोळे वर गेले होते, ओठ निळे पडले होते, त्यांनी पालथा धरून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा थोडा चोथा बाहेर पडला, असं सगळं आत्ता सांगितलं.

डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढायला आणि मिरजेला श्वासनळीत दुर्बीण घालून तपासणी करायला सांगितलं आहे. त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागेल. घरात सगळ्यांचा विरोध आहे. सासरे म्हणतात, फोटो साफ आहे मग एवढ्या लहान पोराला भूल कशाला? माझ्या नणंदेच्या मुलीनं मागं रुपयाचं नाणं गिळलं होतं. ते फोटोत लख्ख दिसलं आणि चौथ्या दिवशी शीमधून पडलं. मग याचं का दिसत नाही? सीटी स्कॅनवर भागणार नाही का? आणि इतके फोटो काढून किरणांचा त्रास होत नाही का?

– एक आई, तासगाव तालुका

*उत्तर*

तुमचं पत्र काल रात्री वाचलं आणि बाकीची पत्रं बाजूला सारून आधी तुम्हालाच लिहायला बसले. निकाल आधी सांगते, कारणं मग. दुर्बीण करून घ्या. या आठवड्यातच.

मी बाळाला तपासलेलं नाही, त्याचा फोटोही पाहिलेला नाही. सांगलीच्या डॉक्टरांनी छातीला कान लावून जे ऐकलंय त्याचं वजन माझ्या लिहिण्यापेक्षा जास्त आहे. पण तुमच्या पत्रात तीन गोष्टी एका ओळीत येऊन बसल्या आहेत: खाताना अचानक गुदमरणं, त्याच रात्री सुरू झालेला आणि औषधाला न जुमानणारा खोकला, आणि एकाच बाजूला कमी जाणारी हवा. अडीच वर्षांच्या मुलात या तिन्ही एकत्र आल्या की श्वासनळीत काहीतरी आहे असं धरूनच चालायचं. नाही हे सिद्ध होईपर्यंत आहेच.

आता सासऱ्यांचा प्रश्न. तो चुकीचा नाही. तीस वर्षं फोटो वाचून पोट भरलेल्या बाईला तो हजारदा विचारला गेलाय.

एक्स-रे म्हणजे सावली. दिव्यापुढं हात धरला की भिंतीवर पडते तशीच, फक्त किरण वेगळे. नाणं, सेल, खिळा, टाचणी, अशा धातूच्या वस्तू किरण अडवतात, म्हणून त्या पांढऱ्या फटक उमटतात. काचही बहुतेक वेळा दिसते. याउलट भडंगातला शेंगदाणा! त्याची सावली आणि शेजारच्या मांसाची, रक्ताची सावली जवळजवळ सारखीच. दुधाच्या पातेल्यात बत्तासा शोधण्यासारखं आहे ते. हरभरा, चिंचोका, सीताफळाची बी, खोबऱ्याचा तुकडा, पेनाचं प्लॅस्टिकचं टोपण, खेळण्यातली शिट्टी, हे सगळं याच जातीचं. आणि लहान मुलांच्या श्वासनळीत जातं ते बहुतेक हेच. तिथं अडकलेल्या दहा वस्तूंमधल्या एखाददुसऱ्याच फोटोत थेट दिसतात. बाकीच्या दडून बसतात.

म्हणजे तुमच्या भाचीचं नाणं दिसलं कारण ते नाणं होतं. तुमच्या मुलाचा दाणा दिसत नाही कारण तो दाणा आहे. शिवाय दोघांच्या वाटाच वेगळ्या. नाणं गेलं अन्नाच्या वाटेनं. ती वाट पुढं पोटात, आतड्यात, आणि शेवटी तुम्ही पाहिलंत तिथं उघडते. दाणा गेलाय हवेच्या वाटेनं, आणि ती वाट पुढं बंद गल्ली आहे. फांद्यांना फांद्या फुटत बारीक होत जातात आणि संपतात. तिथून शीमधून काही पडत नाही. खोकल्याच्या जोरावर परत वर येईल ही आशा पहिल्या काही मिनिटांपुरती असते. तीन आठवड्यांनी नाही.

मग पुन्हा फोटो कशाला, असं तुम्ही म्हणाल. त्यात दाणा दिसणार नसला तरी दाण्याची करणी दिसू शकते.

सायकलच्या पंपातला वायसर तुम्ही पाहिला असेल. हवा एकाच दिशेनं सोडतो. श्वासनळीच्या फांदीत बसलेला दाणा बरेचदा तसाच वागतो. श्वास आत घेताना नळी थोडी रुंदावते, दाण्याच्या कडेनं हवा आत शिरते. सोडताना नळी आवळते आणि हवा आतच कोंडते. त्यामुळं त्या बाजूचं फुप्फुस फुगून राहतं. गंमत अशी की भरलेल्या श्वासावर फोटो काढला तर दोन्ही बाजू सारख्याच काळ्या दिसतात, कारण दोन्ही भरलेल्याच असतात! खरी चोरी पकडायची तर श्वास सोडल्यावरचा फोटो हवा. तेव्हा चांगली बाजू आकसून थोडी पांढुरकी होते, अडलेली बाजू तशीच काळी, फुगलेली राहते, आणि हृदयाची सावली दुसऱ्या अंगाला ढकलली जाते. दाण्यानं नळी पूर्णच बुजवली तर उलटं होतं. आतली हवा शोषली जाते, फुप्फुसाचा तो भाग मिटतो, पांढरा दिसतो आणि हृदयाला आपल्याकडं ओढतो.

मोठ्या माणसाला ‘श्वास सोडा, थांबा’ म्हणता येतं. अडीच वर्षांचं पोर भोंगा लावून रडत असतं. फोटो काढणाऱ्याच्या हातात जो श्वास सापडेल तो. म्हणून आम्ही मुलाला एकदा डाव्या आणि एकदा उजव्या कुशीवर झोपवून फोटो काढतो. खाली गेलेलं फुप्फुस शरीराच्या वजनानं दबतं आणि लहान दिसतं. दबायला हवं होतं आणि दबलं नाही, की समजायचं, गडबड त्याच बाजूला आहे. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला फोटो बहुधा याच जातीचा असेल. चिठ्ठीवर ‘दोन्ही कुशींवर’ असं लिहिलंय का बघा. लिहिलं नसेल तर फोन करून विचारा, लाजू नका.

आणि हेही ऐकून ठेवा: हे सगळं करूनही फोटो साफ येऊ शकतो. दाणा लहान असेल, हवा दोन्हीकडून सहज जात असेल, तर आमच्या हातात काहीच लागत नाही. पहिल्या दिवशी तर फार मुलांचे फोटो निर्मळ असतात. साफ फोटोचा अर्थ ‘फोटोत दिसलं नाही’ एवढाच. ‘आत नाही’ असं तो कधीच सांगत नाही.

यातली एक चूक माझ्या पदरी आहे, ती सांगते. फार वर्षांपूर्वी जत भागातून एक चार वर्षांचा मुलगा आला होता. चिठ्ठीवर एकच शब्द: खोकला. मी एक फोटो पाहिला, ‘नॉर्मल’ लिहिलं आणि पुढचा हातात घेतला. त्या मुलाला पुढं चार महिने बाळदमा म्हणून पंप आणि औषधं चालू होती. दुसऱ्याच एका डॉक्टरांनी त्याच्या आजोबांना सहज विचारलं, तेव्हा आजोबा म्हणाले, ‘चिंचोके खेळताना एकदा गुदमरला होता की.’ दुर्बिणीनं अर्धा चिंचोका निघाला. घरघर करणारं प्रत्येक मूल दम्याचं नसतं, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात. मी ते शिकलेही होते. पण त्या चिठ्ठीवर ‘गुदमरला होता’ हे दोन शब्द असते तर मी तो फोटो दहा मिनिटं पाहिला असता, कुशीवरचे दोन मागवले असते. आणि मीही फोन उचलून विचारायला हवं होतं. तेव्हापासून लहान मुलाच्या चिठ्ठीवर नुसतं ‘खोकला’ दिसलं की मी बाहेर येऊन आईबापांना विचारायची, खाताना काही झालं होतं का? टेक्निशियन वैतागायचे. वैतागू देत.

तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरांना दोष देऊ नका. त्यांना ठसक्याचं कुणी सांगितलंच नव्हतं.

शेंगदाण्याचं एक वाईट आहे. तो नुसता अडून बसत नाही. त्याच्या तेलानं नळीचं आतलं अस्तर चिडतं, सुजतं, भोवती लाल मऊ मांस धरतं. हरभऱ्यासारखं कडधान्य ओलाव्यानं फुगतं. जितके दिवस जातील तितका दाणा ठिसूळ होतो आणि भोवतीची सूज वाढते, काढताना तुकडे पडतात, रक्त येतं. मागं साठलेल्या कफात जंतू वाढतात, म्हणून तो येणारा-जाणारा ताप. औषधानं ताप उतरतो आणि घरच्यांना वाटतं, बरं वाटतंय. आठ दिवसांनी परत तेच. तीन आठवडे म्हणजे फार उशीर झाला असं नाही, पण आणखी तीन घालवू नका. उजवी बाजूच का, असंही कुणी विचारेल. उजवी फांदी थोडी रुंद आणि सरळ खाली उतरते, घसरलेली वस्तू तिकडं जायला सोपी. डावीकडंही जातात, मुलांत बऱ्यापैकी.

सीटी स्कॅन. चांगला प्रश्न आहे. आताच्या मशीनवर छातीचा सीटी काही सेकंदांत होतो आणि नळीच्या पोकळीत बसलेला दाणा त्यात बरेचदा दिसतो, कारण भोवती हवा असते आणि बारीक काप घेतलेले असतात. हकीकत धड कळत नाही, कुणी पाहिलेलं नाही, तपासणीत ठाम काही नाही, अशा वेळी मी स्वतः सीटी सुचवते. तो साफ आला तर पोराची दुर्बीण वाचू शकते. पण सीटी दाखवतो, काढत नाही. आणि कफाचा गोळाही कधी कधी दाण्यासारखाच दिसतो. तुमच्याकडं हकीकत आहे, खोकला आहे, एका बाजूची हवा कमी आहे. सीटीत दाणा दिसला तरी दुर्बीण करायचीच, आणि नाही दिसला तरी इतक्या गोष्टी जुळल्यावर तुमचे डॉक्टर बहुधा दुर्बीण करतीलच. मग मध्ये थांबा कशाला? दुर्बीण करणाऱ्या डॉक्टरांना नेमकी जागा कळावी म्हणून सीटी हवा असेल तर मात्र नाही म्हणू नका, त्यांचं ते काम आहे.

सोनोग्राफीचं कुणी सुचवलं तर या कामाला तिचा फारसा उपयोग नाही. पायात मोडलेल्या बाभळीच्या काट्याला मात्र तीच बरी. लाकूड फोटोत दिसत नाही आणि लोक पाय सुजेपर्यंत फोटोच काढत बसतात. एमआरआय तर विषयातच नको. ते भलंमोठं चुंबक आहे, आत धातू असेल तर उलटा धोका.

किरणांची भीती मला कळते. छातीच्या एका फोटोत जेवढे किरण लागतात, तेवढे जमिनीतून, आकाशातून, खाण्यापिण्यातून आपल्याला साधारण तीन दिवसांत मिळतच असतात. दोन-तीन फोटोंनी पोराचं काही बिघडत नाही. सीटीला याच्या कितीतरी पट लागतात, म्हणून तो उगीच करायचा नाही आणि करायचा तर मुलाच्या वजनाच्या मापानं किरण कमी करून. ‘लहान मुलांचा डोस लावलाय ना?’ एवढं विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आता भुलीचं. घरच्यांचा खरा अडथळा तोच आहे, फोटो हे निमित्त. ही दुर्बीण म्हणजे दिवा असलेली सरळ, बारीक नळी. तोंडातून श्वासनळीत घालतात, तिच्यातूनच मुलाला प्राणवायू देत राहतात आणि लांब चिमट्यानं दाणा पकडून बाहेर आणतात. मूल जागं असताना हे होऊच शकत नाही. धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. ज्या वाटेनं श्वास चालतो त्याच वाटेत काम करायचं असतं. म्हणून जागा नीट निवडा. लहान मुलांना नेहमी भूल देणारे डॉक्टर आहेत का, मुलांच्या मापाच्या दुर्बिणी आहेत का, गरज पडली तर मुलांचा आयसीयू आहे का, हे तीन प्रश्न विचारा. तुमच्या सुदैवानं मिरज जवळ आहे. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी तिथं रुग्णालय सुरू केलं तेव्हापासून कर्नाटकातूनसुद्धा लोक मिरजेला येतात, आणि आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही तिथंच आहे. खर्चाची अडचण असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा आणि आरोग्यमित्राला विचारा, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का.

आदल्या रात्रीपासून काय खायचं, काय नाही, ते डॉक्टर सांगतील. साधारण जेवण-दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. पोर रडलं म्हणून आजोबांनी लपून बिस्कीट द्यायचं नाही. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकतं आणि मग आजोबांचं प्रेम फार महागात पडतं. दाणा तुकड्यांनी निघाला तर कधी दुसऱ्यांदा दुर्बीण घालावी लागते. नंतर एखादी रात्र दवाखान्यात, चार दिवस थोडा खोकला, आवाज बसलेला. आणि दुर्बीण घातली तरी काहीच सापडलं नाही, असंही होतं. तेव्हा ‘बघा, उगीच केलं’ असं घरात कुणी म्हणू नये. नाही हे कळायला दुसरा पक्का मार्गच नव्हता.

सासऱ्यांना वाटत असेल हे नवीन खूळ आहे, तर सांगा: जर्मनीत गुस्ताव्ह किलियन यांनी १८९७ मध्ये एका माणसाच्या श्वासनळीतून हाड काढलं होतं. अमेरिकेतल्या शेव्हालिये जॅक्सन या डॉक्टरांनी तर आयुष्यभर लोकांच्या घशातून आणि नळ्यांतून काढलेल्या वस्तू जपून ठेवल्या. दोन हजारांहून जास्त, आज फिलाडेल्फियाच्या म्युटर म्युझियममध्ये खणाखणांत मांडलेल्या आहेत. सेफ्टी पिना, बटणं, नाणी, आणि हो, शेंगदाणेही.

तारीख मिळेपर्यंत पोराला फार उड्या मारू देऊ नका, रडवू नका. दाणा एकदा बसला म्हणजे तिथंच राहील असं नाही. जोराच्या खोकल्यानं तो वर मोठ्या नळीत सरकू शकतो. अचानक धाप लागली, बोलता-रडता येईना, ओठ निळे पडले, तर १०८ ला फोन. नीट खोकत असेल तर खोकू द्या, पाठ बडवू नका, तोंडात आंधळेपणानं बोट घालून चाचपू नका, त्यानं आतली वस्तू आणखी खाली जाते. खोकलाच फुटेना, श्वासच चालेना, तरच पुढं वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच जोरदार थापा आणि त्यांनी नाही भागलं तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच दाब. हे एक वर्षाच्या पुढच्या मुलांचं. त्याहून लहान बाळाच्या पोटावर दाब द्यायचा नसतो, त्याला छातीवर देतात.

भाचीच्या नाण्याबद्दल थोडं लिहिते, कारण ‘चौथ्या दिवशी पडलं’ ही गोष्ट तुमच्या घरात आता म्हण होऊन बसणार आणि तिची मला दाण्याइतकीच काळजी वाटते.

मुलाच्या गळ्यातलं नाणं फोटोत पकडायला आपण फार लवकर शिकलो. राँटगेन यांना हे किरण नोव्हेंबर १८९५ मध्ये सापडले आणि १८९६ मध्ये ग्लासगोच्या डॉ. जॉन मॅकिंटायर यांनी एका मुलाच्या घशात अडकलेलं नाणं फोटोत पकडलंसुद्धा. नाणं अन्ननलिकेत असलं की समोरून काढलेल्या फोटोत पूर्ण वाटोळं दिसतं आणि बाजूनं काढलेल्या फोटोत काडीसारखं. बहुतेक अडकतं ते गळ्याच्या हाडाच्या उंचीला. तिथून पोटात उतरलं की सहसा आपोआप पडतं. भाचीचं तसंच झालं. छान झालं.

पण घरात आता नाण्याच्या मापाची दुसरी एक वस्तू फिरते. टीव्हीच्या छोट्या रिमोटमध्ये, वजनकाट्यात, गाडीच्या चावीत, जत्रेतल्या लुकलुकणाऱ्या खेळण्यात, वाढदिवसाच्या गाणाऱ्या कार्डात: बटण सेल. सगळ्यात वाईट तो ‘सीआर २०३२’. त्या आकड्यातच त्याचं माप आहे, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. २०१९ पासून आलेला रुपया किती रुंद आहे? तोही २० मिलिमीटर. मुलानं रुपया गिळला असं घरचे म्हणतात तेव्हा त्यांनी खरोखर रुपया पाहिलेला असतो का, हे मी नेहमी विचारते. बहुतेकदा उत्तर येतं, ‘चमकणारं वाटोळं होतं.’

सेल अन्ननलिकेत अडकला की तो तिथल्या ओलाव्यातून वीज वाहवतो आणि त्याच्या ऋण बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा दाहक क्षार तयार होतो. दोन तासांत अन्ननलिका भाजायला एवढं पुरतं. पुढं भोक पडतं, शेजारच्या श्वासनळीपर्यंत, मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत जातं. रिमोट चालेनासा झाला म्हणून काढून टाकलेल्या सेलमध्येसुद्धा एवढं करण्याइतकी वीज उरलेली असते. म्हणून समोरच्या फोटोत आम्ही कडा निरखून बघतो. नाण्याची कड एकसंध असते. सेलच्या कडेच्या आत दुसरी एक फिकट गोल रेघ दिसते, ताटात ताटली ठेवल्यासारखी. बाजूच्या फोटोत नाण्याची धार सपाट, सेलला एक पायरी. तरी फसगत होते. दहा रुपयांचं नाणं दोन धातूंचं असतं, त्यातही आतल्या कड्याचा भास होऊ शकतो. दोन नाणी एकमेकांना चिकटून बसली तरी तसंच. म्हणून बाजूचा फोटो काढल्याशिवाय मी ‘नाणं’ हा शब्द लिहीत नाही, आणि शंका उरलीच तर सेल समजून धावाधाव करायची. नाण्यासाठी धावलो तर फारतर पेट्रोल वाया जातं.

तेव्हा ‘चार दिवस वाट बघू, भाचीचं पडलं होतं’ हे वाक्य घरातून काढून टाका. काहीही वाटोळं, चकचकीत गिळलं की त्याच तासाला फोटो. उलटी करवायची नाही, वर केळ-भाकरी चारायची नाही. सेलची दाट शंका असेल, मूल एक वर्षाच्या पुढचं असेल आणि गिळता येत असेल, तर दवाखान्याच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधानं त्या क्षाराचा मारा थोडा सौम्य होतो. मध शोधण्यात पाच मिनिटंही घालवायची नाहीत. चुंबकाच्या गोळ्या एकाहून जास्त गिळल्या असतील तरी तितकीच घाई. त्या आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकींना ओढतात, मधलं आतडं चिरडतं, आणि फोटोत मात्र दोन-तीन गोळ्या चिकटून एकच वाटतात.

भडंगाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. सांगलीकडच्या घरात भडंग बंद करा म्हणणारा टिकायचा नाही. पोराला चार-पाच वर्षांचं होईपर्यंत त्यातले शेंगदाणे निवडून काढा. दाढा पूर्ण आलेल्या नसतात, दाणा दाताखाली निसटतो आणि हसता-पळताना आत ओढला जातो. कूट घातलेलं काहीही चालेल. खाताना मात्र बसवून, पळता पळता नाही.

आणि सासूबाई. त्यांनी त्या दिवशी जे केलं ते बरोबर केलं होतं. निळ्या पडलेल्या पोराला पालथं धरून थापट्या मारल्या, चोथा बाहेर पडला, श्वास चालू झाला. ते त्यांनी केलं नसतं तर आज तुम्ही मला हे पत्र लिहिलं नसतं. ‘जरा ठसका लागला’ हे त्या भीतीपोटी बोलल्या. सून काय म्हणेल, मुलगा काय म्हणेल. मी अशा आज्या, आत्या, शेजारणी फार पाहिल्या आहेत. दाराशी उभ्या असतात, डोळे पुसतात आणि आत काही बोलत नाहीत.

म्हणून त्यांना हे उत्तर वाचून दाखवा आणि मिरजेला जाताना सोबत न्या. घरी पोराकडं बघायला म्हणून मागं ठेवू नका. भूल देणारे डॉक्टर विचारतील: किती वेळ गुदमरला, चोथा किती पडला, त्यात अख्खा दाणा होता का, नंतर आवाज कसा होता? तुम्ही बागेत होतात. हे त्यांनाच माहीत आहे.